वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका : गॅरेजमधील रंगकामाविषयी वाचकांचे प्रश्न

वाहनांचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कामगारांच्या आरोग्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. मराठवाड्याच्या बहुतेक जिल्ह्यांतून पत्रे आली. ज्यांचा आशय एकच होता ती एकत्र केली आहेत आणि नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. जवळजवळ प्रत्येक पत्रात धोक्याचे माप वासावरून काढलेले दिसले : थिनरचा उग्र दर्प आला की घातक, वास नसला की काळजी नाही. रंगकामाच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो, म्हणून पहिले उत्तर थोडे लांबले आहे.

प्रश्न : मी लातूरला एका गॅरेजमध्ये चौदा वर्षांपासून स्प्रे पेंटर आहे. पूर्वी आम्ही एनसी (नायट्रोसेल्युलोजचे) रंग मारायचो, आता सगळे काम टू-के रंगाचे आणि क्लिअरचे (वरच्या पारदर्शक थराचे) असते. गेल्या पावसाळ्यापासून रात्री दोन-अडीचच्या सुमारास मला खोकल्याची उबळ येते, छाती आवळल्यासारखी होते आणि श्वासात शिट्टी वाजते. दिवसा काम करताना काहीच होत नाही. दिवाळीत आठ दिवस गावी होतो, तेव्हा सगळे थांबले होते. डॉक्टरांनी दमा सांगून पंप दिला आहे. आमच्या घरात कोणालाही दमा नाही आणि थिनरचा वास मला पहिल्यापासून सोसतो. मग आताच असे का व्हावे? काम सोडावे लागेल काय?

उत्तर : तुमचा त्रास टू-के रंग आल्यानंतरचा आहे, तो रात्री उठतो आणि सलग सुटीत थांबतो. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की कामामुळे जडलेल्या दम्याचा दाट संशय येतो, आणि संशयाची सुई थिनरकडे नव्हे, तर हार्डनरच्या डब्याकडे वळते.

टू-के म्हणजे दोन घटकांचा रंग. एका डब्यात रंग किंवा क्लिअर असतो आणि दुसऱ्या डब्यातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातील रसायने असतात; वाहनांच्या रंगात ती बहुतांशी हेक्झामेथिलीन डायआयसोसायनेटपासून, म्हणजे एचडीआयपासून, तयार केलेली असतात. दोन्ही घटक मिसळले की त्यांची आपसांत रासायनिक सांधणी होऊन पेट्रोलनेही न निघणारा टणक, चकचकीत थर तयार होतो. जी क्रियाशीलता बॉनेटवर चमक आणते, तीच श्वासनलिकेच्या अस्तरातील प्रथिनांवरही काम करते. ही प्रक्रिया महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे मुकाट्याने चालते आणि एके दिवशी शरीराची प्रतिकारयंत्रणा या रसायनाला शत्रू मानू लागते. तेथून पुढे एरवी कोणाला जाणवणारही नाही एवढ्या अल्प मात्रेनेही श्वासनलिका आवळतात. त्यामुळे इतकी वर्षे काही झाले नाही, याचा अर्थ तुम्हाला ते सोसते असा होत नाही. आणि घराण्यात दमा नसणे हीदेखील या आजारात ढाल ठरत नाही.

त्रास रात्रीच का होतो, याचे उत्तरही येथेच आहे. ही प्रतिक्रिया पुष्कळदा संपर्कानंतर काही तासांनी उठते. संध्याकाळी पाच वाजता मारलेल्या क्लिअरचा हिशेब शरीर मध्यरात्रीनंतर मागते, आणि रुग्ण गारठा, पंखा किंवा रात्रीचे दही यांना दोष देत बसतो.

आता वासाविषयी. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने एचडीआयसाठी शिफारस केलेली सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.००५ भाग एवढी आहे. थिनरमधील टोल्युइनसाठी आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत दहा लाख भागांत १०० भाग ही मर्यादा दिलेली होती. दोहोंत वीस हजार पटींचे अंतर आहे. नाकाला झोंबते ते थिनर. हार्डनरमधील आयसोसायनेट घातक पातळी ओलांडून गेले तरी नाकाला त्याची खबर लागत नाही.

तुम्ही आता छातीरोगतज्ज्ञांकडे जावे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत ही सोय आहे. तेथे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी, होईल, परंतु ती सुटीच्या दिवशी केली तर कदाचित अगदी व्यवस्थित येईल. म्हणून डॉक्टरांना विचारून पीक फ्लो मीटर हे लहानसे फुंकायचे उपकरण घ्यावे आणि कामाचे व सुटीचे दोन्ही दिवस येतील अशा रीतीने तीन-चार आठवडे, दिवसातून चार वेळा, आकडे वहीत लिहावेत. शेजारी त्या दिवशी टू-के मारला की नाही, हेही लिहावे. कामाच्या दिवसांत आकडे घसरतात आणि सुटीत वर येतात असे दिसले, तर ती वही कोणत्याही महागड्या तपासणीपेक्षा बोलकी ठरते. आयसोसायनेटची रक्तचाचणी काही ठिकाणी होते, पण ती नकारात्मक आली म्हणून आजार नाही असे ठरत नाही.

काम सोडण्याविषयी विचारले आहे, तर आडपडदा न ठेवता लिहितो. निदान पक्के झाले, तर हार्डनर असलेल्या रंगाची फवारणी तुम्ही सोडली पाहिजे आणि ती चालू असेल त्या शेडमध्ये उभेही राहता कामा नये. एकदा हा दमा जडल्यावर चांगला मास्क हे पुरेसे उत्तर राहत नाही. लक्षणे सुरू झाल्यावर जितक्या लवकर संपर्क तुटतो तितकी पूर्ण बरे होण्याची शक्यता अधिक असते. वर्षे लोटली तर काम सोडूनही दमा राहतो. सकाळी पंप ओढून पुन्हा स्प्रे गन हाती घेणारे पेंटर मी पाहतो. पंपामुळे आवळलेली श्वासनलिका तेवढ्यापुरती मोकळी होते, संपर्क मात्र चालूच राहतो, आणि अशा रुग्णांना आलेले झटके प्राणावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. चौदा वर्षांच्या हाताला डेंटिंग, फिटिंग, इन्शुरन्सच्या कामाचे अंदाजपत्रक अशी दुसरी कामे मालकाने दिली पाहिजेत. ती जागा फवारणीपासून खरोखर वेगळी असावी, फक्त मधे एक पडदा लावून भागणार नाही. पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

प्रश्न : जालन्यात माझे छोटे गॅरेज आहे, दोन पेंटर, एक डेंटर आणि दोन हेल्पर आहेत. करोनाच्या वेळचे एन-९५ मास्क शिल्लक होते, ते दिले, पण पोरे घालत नाहीत. रुमाल बांधतात. मे महिन्यात तोंडाला काही बांधून काम होत नाही, हेही खरे आहे. नक्की काय आणून द्यावे? खर्च किती? मोठा बूथ (रंगकामाची बंदिस्त खोली) बसवण्याची ऐपत नाही.

उत्तर : रुमालाने थिनरची वाफ अडवणे म्हणजे गहू चाळायच्या चाळणीत पाणी धरणे आहे. एन-९५ त्याहून बराच बरा, पण तो धुळीसाठी आहे. लांबी (पुट्टी) घासताना, कोरडा पेपर (सँडपेपर) मारताना, ग्राइंडर चालवताना तो वापरावा, किंवा भारतीय मानक ९४७३ नुसार एफएफपी-२ असे छापलेला मास्क वापरावा. वाफ मात्र त्यातून आरपार जाते. त्यामुळे तुमच्याकडचे मास्क फेकू नका, ते घासणाऱ्या हेल्परांना द्या. पेंटरसाठी वेगळी सोय हवी.

ती सोय म्हणजे रबराचा किंवा सिलिकॉनचा अर्धमुखी (नाक-तोंड झाकणारा) मास्क, ज्याच्या दोन बाजूंना कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणाऱ्या डब्या, बसतात. कार्ट्रिज सेंद्रिय वाफेसाठीचे असावे आणि त्यावर फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब अडवणारा कणगाळणीचा थरही असावा, कारण आयसोसायनेट प्रामुख्याने थेंबांच्या रूपाने उडते. युरोपीय पद्धतीच्या कार्ट्रिजवर सेंद्रिय वाफेसाठी तपकिरी पट्टा असतो, अमेरिकन पद्धतीत काळा. दुकानदार ‘सगळ्याला चालते’ म्हणून जे देईल ते घेऊ नये. एका बंपरच्या रंगकामाला गिऱ्हाईक जेवढे पैसे मोजते, साधारण तेवढ्यात मास्क आणि कार्ट्रिजचा पहिला जोड येतो.

मास्क आणून दिला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. तो चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे आणि त्यात दाढीचे खुंट आड येतात. दोन दिवसांची वाढलेली दाढीसुद्धा कडेने फट ठेवते, आणि हवा नेहमी सोप्या वाटेने आत शिरते. घातल्यावर दोन्ही तळहातांनी कार्ट्रिजची तोंडे झाकून हळू श्वास आत ओढावा. मास्क गालांवर आत दबला आणि दबलेलाच राहिला तर तो बसला, बाजूने वारा लागला तर पट्टे पुन्हा ओढावेत. दहा सेकंदांचे हे काम दर वेळी करावे. दुसरी गोष्ट साठवणुकीची. कार्ट्रिजमधील कोळसा मास्क खुंटीवर टांगलेला असतानाही शेडमधली वाफ शोषत राहतो आणि वापर न होताच संपतो. काम झाले की मास्क पुसून झाकणाच्या हवाबंद डब्यात ठेवावा. कार्ट्रिज ‘वास आला की बदलू’ हा नियम टू-के रंगाला लागू नाही, कारण आयसोसायनेटला इशारा देणारा वासच नाही. बनवणाऱ्याच्या पत्रकानुसार आणि किती तास फवारणी होते ते पाहून बदलण्याची तारीख ठरवावी व ती कार्ट्रिजवरच मार्करने लिहावी. हलक्या प्रतीच्या थिनरमध्ये मिथेनॉल असू शकते आणि ते या कार्ट्रिजमध्ये नीट अडत नाही. सुट्या कॅनमधील बिननावाचे थिनर टाळण्याचे हे एक सबळ कारण आहे.

टू-के फवारणीसाठी याहून सरस साधन म्हणजे नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क. रोज अनेक गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजने त्याचाच विचार करावा. पण गनची हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरची नळी थेट मास्कला जोडण्याचा प्रयोग कोणीही करू नये. तेलावर चालणारा कॉम्प्रेसर तापला की हवेत तेलाचे कण आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतात; श्वसनयोग्य हवेची गाळणी आणि मोकळ्या जागेतून हवा ओढणारे तोंड असल्याशिवाय ती हवा छातीत घेण्यायोग्य नसते.

आणखी एक सवय मोडावी लागेल. शेवटचा हात मारला की पेंटर मास्क कपाळावर सरकवतो, उजेडात वाकून पॅनलवर नजर टाकतो आणि कुठे ओघळ आला आहे का ते पाहतो. नेमका तोच क्षण वाईट असतो, कारण दिसेनासे झालेले थेंब अजून हवेतच असतात. चांगल्या बूथमध्ये ते निघून जायला काही मिनिटे लागतात, साध्या बंद खोलीत वीस मिनिटे किंवा त्याहूनही अधिक. तेवढा वेळ मास्क उतरवू नये आणि चहा घेऊन येणाऱ्या पोराला आत सोडू नये. गन धुताना हवेत थिनर उडवून नळी साफ करण्याचीही पद्धत आहे. त्याऐवजी झाकणाच्या डब्यात धुवावी आणि तेव्हाही मास्क चेहऱ्यावर असावा.

बूथची ऐपत नसली तरी शेडची रचना तुमच्या हातात आहे. फवारणीची जागा एका टोकाला घ्या, तेथे इतर कोणाचे काम ठेवू नका. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ओढणारा पंखा जमिनीलगत बसवा आणि पेंटरच्या पाठीकडून ताजी हवा येईल असे दार उघडे ठेवा. छताचा पंखा किंवा टेबल फॅन हवा नुसती घुसळतो. टोल्युइनची वाफ अवघ्या ४ अंश सेल्सिअसच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात शेडमध्ये चाळिशीच्या पुढे पारा असतो, तेव्हा पंख्याची मोटर ज्वालारोधक असावी व तो बसवण्याचे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. वाऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीत काढू नये, हे सांगावे लागते, कारण तशी दोन पत्रेही आली आहेत. एचव्हीएलपी प्रकारची, म्हणजे कमी दाबाने फवारणारी, गन घेतली तर रंग कमी उडतो, म्हणजे रंगही वाचतो.

उन्हाची तुमची अडचण खरी आहे आणि तिच्यावर मास्क काढून ठेवणे हा उपाय नाही. मार्च ते जून फवारणीचे काम सकाळी सहा ते नऊ या वेळात उरकावे. तेव्हा वारा आणि धूळ कमी असल्याने फिनिशही चांगले येते, असे जुने मिस्त्री सांगतात. दुपारी डेंटिंग आणि फिटिंग करावे. सलग अर्ध्या तासाहून अधिक मास्क घालायला लावू नये, मधे बाहेर सावलीत बसू द्यावे, पाणी पिऊ द्यावे. आणि मालकाने स्वतः शेडमध्ये जाताना मास्क घातला, तर पोरांना वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रश्न : मी नांदेडला आयटीआयमध्ये शिकतो. हार्डनरच्या डब्यावर आयसोसायनेट असे लिहिलेले वाचले. भोपाळमध्ये हाच वायू सुटला होता ना? मग हे बाजारात विकायला परवानगी कशी?

उत्तर : कुळ एक, पण वागणूक वेगळी. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये सुटला तो मिथिल आयसोसायनेट. त्याचा उत्कलनबिंदू ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, त्यामुळे तो झपाट्याने वायुरूप होऊन वस्तीत पसरला. हार्डनरमधील आयसोसायनेट मोठ्या, जड रेणूंचे असते. डब्यात ते सहसा शांत पडून राहते आणि त्याची वाफ फारशी होत नाही. गनच्या दाबाने आपण स्वतः त्याचे बारीक थेंब करून हवेत सोडतो, तेव्हा ते छातीपर्यंत पोहोचते. त्यामुळे हार्डनरचा डबा फुटला म्हणून गल्ली रिकामी करावी लागणार नाही, पण गन हातात घेणाऱ्याला मात्र रोजचा धोका आहे.

तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून एक काम सुचवतो. डब्यावर लाल चौकटीच्या तिरक्या चौकोनात माणसाची छाती आणि त्यावर तारा फुटल्यासारखे चित्र आहे का, ते पाहा. ते दीर्घकालीन आरोग्यधोक्याचे आंतरराष्ट्रीय चिन्ह आहे. मग रंगाच्या वितरकाकडे त्या मालाचे सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्यात सोळा विभाग असतात. दुसऱ्यात धोके, चौथ्यात प्रथमोपचार आणि आठव्यात कोणते हातमोजे व कोणता मास्क हे दिलेले असते. तुमच्या कार्यशाळेच्या भिंतीवर आठव्या विभागाचे मराठी भाषांतर लागले, तर निदेशकांनाही ते उपयोगी पडेल. पाण्यावर आधारित बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) आला म्हणजे आयसोसायनेट संपले, असेही समजू नका. त्यावर मारला जाणारा क्लिअर बहुधा टू-केच असतो.

प्रश्न : माझे यजमान परभणीत गाड्या रंगवतात. मला चौथा महिना आहे. त्यांचे कामाचे कपडे मीच धुते, त्यांना थिनरचा वास येतो. घरी कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोडे थिनर आणून ठेवलेले असते, डाग काढायला. याने बाळाला काही होईल का?

उत्तर : ताई, कपड्यांना येणाऱ्या वासाने बाळाला अपाय झालाच असेल असे मानून घाबरून जाऊ नका, कपड्यांतून होणारा संपर्क फवारणीच्या मानाने फार थोडा असतो. गरोदरपणात थिनर जाणूनबुजून हुंगणाऱ्या किंवा त्याच्या दाट वाफेत दीर्घकाळ काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांवर टोल्युइनचे दुष्परिणाम झालेले आहेत, म्हणून संपर्क टाळता येईल तितका टाळावा. यजमानांनी कपडे गॅरेजमध्येच बदलावेत, हातपाय धुऊन घरी यावे आणि कामाचे कपडे झटकून, उघड्यावर वारा देऊन त्यांनी स्वतःच वेगळ्या बादलीत धुवावेत. सध्या तुम्ही त्या कपड्यांना हात लावू नये. जुना रंग घासताना निघालेल्या धुळीत शिसे आणि क्रोमियम असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घातली आहे, पण ते नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत. वाहनांच्या रंगाला ते लागू नाहीत. तपासणीला जाल तेव्हा यजमानांचा व्यवसाय डॉक्टरांना सांगा.

कोल्ड्रिंकची बाटली मात्र आजच घराबाहेर गेली पाहिजे. पाणी समजून थिनर प्यायलेली मुले आमच्याकडे येतात. असे कधी घडलेच तर मीठपाणी पाजून उलटी काढू नये, कारण उलटीबरोबर थिनर फुफ्फुसात उतरते आणि तेथे ते पोटापेक्षा अधिक नुकसान करते. तडक रुग्णालय गाठावे आणि बाटली बरोबर न्यावी.

प्रश्न : रंगकाम झाल्यावर गूळ खाल्ला की रंग छातीत बसत नाही, असे आमचे मिस्त्री सांगतात. काही जण दूध, केळी सांगतात. खरे काय? (बीड)

उत्तर : गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि रंग श्वासनलिकेतून फुफ्फुसात, दोघांची गाठ पडत नाही. गूळ खुशाल खावा, दूधही प्यावे, फक्त हात धुऊन आणि शेडच्या बाहेर बसून. माझी तक्रार गुळाविषयी नाही. काही ठिकाणी मालक गुळाची ढेप आणून ठेवतात आणि मास्कचा विषय तेथेच मिटतो, ही खरी अडचण आहे.

प्रश्न : थिनरने हात धुतल्याशिवाय रंग निघत नाही. हातांना भेगा पडल्या आहेत, खाज येते. शिवाय आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचे पाणी. पाणी पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर) मारायला पाणी कोठून आणायचे? (लातूर जिल्हा, दोन पत्रे)

उत्तर : थिनर रंगाबरोबर त्वचेचा नैसर्गिक तेलकटपणाही काढून नेते, मग भेगा पडतात आणि त्याच भेगांतून पुढची रसायने आत शिरतात. हाताला आधी खोबरेल किंवा गोडेतेल चोळावे, रंग सैल झाला की चिंधीने पुसावे आणि मग साबण लावावा. थोडा वेळ अधिक लागतो, पण रंग निघतो. त्याहून चांगले म्हणजे हात रंगूच देऊ नयेत. दवाखान्यातील पांढरे लॅटेक्सचे हातमोजे थिनरपुढे टिकत नाहीत. नायट्रिलचे पातळ मोजे रंग मिसळताना आणि फवारताना घालावेत, पण ते केवळ शिंतोड्यांपुरते आहेत असे समजून, भिजले की लगेच बदलावेत. हार्डनरच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्वचेवाटे झालेला संपर्कही पुढे दम्याची वाट तयार करू शकतो, असे मानण्यास आधार आहे.

पाण्याचे म्हणाल, तर ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पाणी पेपरला पाणी मागणे अवघड आहे, हे समजते. धूळ ओढून घेणारा, व्हॅक्यूम जोडलेला सँडर मिळाला तर कोरडी घासाईही चालते. तोपर्यंत स्पंजने पॅनल ओलसर ठेवून घासावे आणि तेच पाणी बादलीत निवळून, वरचे पुन्हा वापरावे. खालचा गाळ मात्र नालीत किंवा झाडाच्या आळ्यात टाकू नये.

प्रश्न : वाळूजला बॉडी शॉपमध्ये वेल्डिंग करतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, दुसऱ्या दिवशी बरे वाटते. मलेरियाची तपासणी नॉर्मल आहे.

उत्तर : हा जस्ताच्या धुराचा ताप आहे. मुलामा तापला की झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर होतो आणि चार ते दहा तासांनी अशी हुडहुडी भरते. एक-दोन दिवसांत ती उतरते. सलग कामात ती कमी होते आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी पुन्हा येते, याचा अर्थ शरीर घट्ट झाले असा लावू नये. जोडाच्या आजूबाजूचा मुलामा आधी घासून काढावा, त्या वेळी धुळीचा मास्क लावावा, आणि धूर तोंडाजवळूनच ओढून नेणारी सोय मालकाकडे मागावी. धाप लागली, ताप दोन दिवसांनंतरही राहिला, किंवा जोडलेला भाग कॅडमियमचा मुलामा असलेला होता, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. कॅडमियमच्या धुराची सुरुवात अगदी अशीच भासते, पण तो जीवघेणा ठरू शकतो.

प्रश्न : माझ्या भावाला रंगकामामुळे दमा झाल्याचे डॉक्टर तोंडी सांगतात. गॅरेजमध्ये चारच माणसे आहेत, हजेरीपट नाही. मालक म्हणतो, कारखान्याचा कायदा आम्हाला लागत नाही. नुकसानभरपाई मिळू शकते का? (धाराशिव)

उत्तर : कारखाने अधिनियमाबाबत मालकाचे म्हणणे बहुधा बरोबर असेल, कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द झालेला तो कायदा कामगारांच्या संख्येवर अवलंबून होता. त्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आयसोसायनेटची विषबाधा आणि रंग-रसायनांमुळे होणारा त्वचारोग हे दोन्ही अधिसूच्य, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेले, रोग होते, पण चार माणसांच्या गॅरेजपर्यंत ती पोहोचत नव्हती. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेलाही साधारणपणे दहा कामगारांची अट आहे.

भरपाईचा कायदा मात्र वेगळा आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमात, कामात अंगभूत असलेल्या संवेदनकारक पदार्थांमुळे होणारा दमा हा व्यवसायजन्य रोग म्हणून अनुसूचित होता, आणि त्यासाठी त्या मालकाकडे सलग सहा महिने काम केलेले असावे लागे. जेथे विजेच्या शक्तीवर दुरुस्ती किंवा रंगरंगोटीचे काम चालते, अशा जागेतील कामगार त्यात येत. विजेवर चालणारा कॉम्प्रेसर असलेले गॅरेज चार माणसांचे असले तरी बाहेर राहत नसे. या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे आणि व्यवसायजन्य रोगांची यादी तिच्याही तिसऱ्या अनुसूचीत आहे. दावा लांबणीवर टाकू नका, कारण त्याला मुदतीचे बंधन असते. जुन्या अधिनियमात ती दोन वर्षांची होती.

तोंडी निदानावर काहीही उभे राहत नाही. भावाला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात न्या आणि केसपेपरवर ‘व्यवसाय : स्प्रे पेंटर, टू-के रंग व हार्डनर’ असे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. नुसते ‘मजूर’ लिहिलेले चालवून घेऊ नका. पीक फ्लोची वही, हार्डनरच्या डब्याचा फोटो, मालकाने ऑनलाइन पाठवलेल्या पगाराच्या नोंदी, गिऱ्हाइकांच्या बिलांवर भावाचे हस्ताक्षर असेल तर ती बिले, असा पुरावा गोळा करा. हजेरीपट नसला तरी नोकरीचे नाते अशा कागदांवरून दाखवता येते. मग हे सगळे घेऊन जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.